दोंडाईचाचं गिऱ्हाईक

धुळे,
१० नोव्हेंबर २०२५

ती. आबा यांस,
किरणचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका. मी धडधाकट आहे, आजारी गाडी आहे. नाशिकला केळी उतरवून परत येताना धुळ्याच्या अलीकडे चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. थांबलो, इंजिन गार होऊ दिलं, दिवा विझला. निघालो तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. ऑइल तापून पाण्यासारखं पातळ होतंय. शेवटी परतीचा माल दुसऱ्या गाडीत चढवून दिला आणि आपली गाडी ओढून अभिमन मिस्तरीच्या गॅरेजात आणली. तो एक-दोन दिवसांत खोलून बघणार आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरचं वाचा म्हटलं की मुंग्या मोजायला बसवतोस का म्हणून विचारता. तेव्हा यावलच्या बसवर नवीन नावाचा ड्रायव्हर आहे, त्याच्या हाती हे पाठवतोय. उत्तरही त्याच्याकडेच द्या.

आबा, गाडीने नेमकी वेळ साधली. एक डिसेंबरला मला वरणगावच्या कारखान्यात फिटर म्हणून हजर व्हायचंय. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी होती. दोंडाईचाचे मगनशेठ गाडी घ्यायला तयार आहेत, पण भरलेली गाडी चालवून बघितल्याशिवाय घेणार नाहीत. आणि ती विकल्याशिवाय मला हलता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी तुम्ही गाडी मागे घेतलीत, गावातले भटूकाका मागून ओरडत राहिले, तुम्हाला ऐकू आलं नाही आणि त्यांच्या बैलाचा पाय मोडला. तेव्हाच आईने मला शपथ घातली, की दारात गाडी आहे तोवर ती मीच चालवायची. बैलाच्या जागी माणूस असता तर, हा विचार माझ्याही डोक्यातून जात नाही.

गाडी तुमच्या नावावर आहे. ट्रान्सफरचे फॉर्म देवघराच्या फळीवर ठेवलेत. तेवढ्या सह्या करून ठेवा.

आईस नमस्कार, भूमिकेला पापा. काळजी नसावी, मी करतोच आहे.

आपला,
किरण


यावल,
१२ नोव्हेंबर

चि. किरण यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर तेवढं सुधारलंय, बाकी आनंद आहे. छत्तीस वर्षं मी स्टिअरिंगवर काढली, तेव्हा लाल दिवा मला शिकवू नकोस. गाडी तापत नाही, ड्रायव्हर तापतो. तुझा उजवा पाय जड आहे हे तू लायसन्स काढलंस तेव्हापासून सांगतोय. चढावर गाडीला दम घेऊ द्यावा, तर तुम्हा पोरांना घरी जायची घाई.

आणि तो अभिमन की कोण, त्याला काही खोलू देऊ नकोस. ऑइल बदल, फिल्टर बदल, गाडी घेऊन ये. धुळ्याच्या मिस्तऱ्याकडे ताप दाखवायला जावं तर तो पोट फाडून बसतो. मी इथे बघून देईन.

घरी सर्व ठीक. थंडी पडायला लागली. शेजारच्या भूषणकडच्या केळीची कापणी सुरू आहे. तुझ्या आईचं आणि भूमिकेचं काहीतरी बिनसलंय. आई ओठ हलवते, पोरगी रडते, मला कारण कळत नाही. तुझी बायको ज्योत्स्ना पाटीवर लिहून सांगते, पण जेवायला चला आणि गोळी घ्या याच्या पुढे तिची पाटी जात नाही.

मगनला कपाशीच्या गाठी कळतात, गाडी काय कळणार. फॉर्म पाहिले. चष्मा सापडत नाही. सापडला की बघू.

जेवणाची हेळसांड करू नकोस. गाडीला जप, ती तुला जपेल. माझे आशीर्वाद मागितले नाहीस तरी आहेत.

तुझा,
आबा


धुळे,
१५ नोव्हेंबर

ती. आबा यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येण्याआधीच मिस्तरीने ऑइल कूलर काढला होता. तुम्हाला माहीतच आहे, त्यात एकीकडून ऑइल जातं, दुसरीकडून रेडिएटरचं पाणी, आणि पाणी ऑइलची उष्णता ओढून नेतं. आपल्या कूलरमधल्या पाण्याच्या वाटा पार बुजल्यात. नुसता पिवळा चिखल. मिस्तरीने तो बोटावर घेतला, वास घेतला आणि म्हणाला, भाऊ, हाई ते बठ्ठी हयद शे. सगळं गॅरेज हसलं. एकाने तर विचारलं, गाडीनं लगीन शे का?

मी हसलो नाही. गळक्या रेडिएटरला हळद घालायची विद्या आपल्या घरात एकाच माणसाला येते. पण त्याला मूठभर पुरते. मिस्तरी म्हणतो, यात किलोच्या खाली नाही. आणि त्याने रेडिएटर तपासला, गळती बारीक होती, कधीच बुजलीय. मग बाकीची हळद कशासाठी, आबा? मला उत्तर हवंय. चष्मा सापडत नाही, हे उत्तर नको.

नवा कूलर इंदूरहून यायचाय, कारण आपल्या मॉडेलचा इथे मिळत नाही. इंजिनात, पाण्याच्या वाटांत जिथे तिथे हळद बसलीय, ती धुवून काढायचं काम वेगळंच. सहा दिवस मी केबिनमध्ये झोपतोय. समोर हायवे आहे. सुरतेला, नागपूरला, इंदूरला, जाणारा जातोय, आणि मी चाकं काढलेल्या गाड्यांमध्ये बसून तारखा मोजतोय. गाडी सोडून घरी यावं तर मगनशेठ कधी येतील सांगता येत नाही. न विकता नोकरीवर जावं तर आईची शपथ. तुम्हाला रागवावं तर तुम्हाला ऐकू येत नाही. कुठून म्हणून वाट ठेवली नाहीत तुम्ही.

आबा, मला ड्रायव्हर व्हायचं नव्हतं. नऊ वर्षांत एकदाही बोललो नाही, आज लिहितोय. भूमिका सहा वर्षांची झाली, तिच्या एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. वरणगावला सकाळी जायचं, संध्याकाळी घरी यायचं. याच्यापलीकडे मी काय मागतोय?

थोरांना शोभेल ते उत्तर द्यावं.

किरण


यावल,
१८ नोव्हेंबर

चि. किरण यास,
अनेक आशीर्वाद. या खेपेला ते घ्यायचे की नाही, तू ठरव.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चष्मा खिशातच होता.

दसऱ्याला गाडी धुतली, हार घातला, हळद-कुंकू वाहिलं. तेव्हा रेडिएटर पाझरताना दिसला म्हणून ताटातली उरलेली हळद आत टाकली. ती एक मूठ गळतीसाठीच होती, याला ती गाडीच साक्षीला आहे. पूर्वी आम्ही सगळे हेच करायचो, वाटेत मिस्तरी कुठला मिळायला. त्यानंतर चार दिवसांनी मगन आला. चाकाला लाथा मारून बघत होता. तुझा चेहरा मी पाहिला. इतका मोकळा चेहरा तुझ्या लग्नातही नव्हता. त्या दिवसापासून, तू घरी असलास आणि आंघोळीला गेलास, की मी झाकण उघडून मूठ-मूठ टाकत गेलो. तुझ्या आईने वर्षाची म्हणून कुटून ठेवलेली हळद संपवली. तिला वाटलं भूमिकेने खेळताना सांडली. पोरीला रागावत होती ते हेच, आणि मी समोर बसून भाकरी खात होतो. आज तुझ्या आईला खरं सांगितलं. दिवसभर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पोरीचे पाय धरावेत असं वाटलं, पण ती खेळायला पळाली.

हे का केलं तेही लिहितो. मला काहीच ऐकू येत नाही, किरण. तुम्हाला वाटतं, कमी येतं. अजिबात येत नाही. देवळातली घंटा नाही, तुझ्या आईची, शेवंताची हाक नाही, पोरीचं रडणं नाही. घरात सगळे ओठ हलवतात आणि मी मान हलवतो. फक्त तू गाडी सुरू केलीस आणि मी केबिनमध्ये बसलो, की तळपायातून आवाज वर चढतो. एवढंच मला ऐकू येतं. मला वाटलं, गाडी चार वेळा तापेल, मगन नाद सोडेल, तू वैतागून का होईना थांबशील. तुझी नोकरी बुडवायला निघालो होतो मी. बाप म्हणून हे लिहिताना लाज वाटते.

बैलाचं तू लिहिलंस. त्या दिवसापासून भटूच्या दारावरून मी गेलेलो नाही.

दोन्ही फॉर्म सोबत आहेत. जिथे जिथे सही लागते तिथे केली आहे, एक चुकली ती खोडून खाली नीट केली. मगनला हळदीचं लपवू नकोस. घेतो म्हणाला तर दे, नको म्हणाला तर भंगारात घाल, पण एक तारखेला तू वरणगावला जा. आईला मी लिहून दिलंय की गाडी दारात राहिली तरी चढणार नाही.

जमलं तर लोभ ठेव.

आबा


धुळे,
२२ नोव्हेंबर

ती. आबा यांस,
शि. सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाले. तुमचं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरतोय. राग गेला असं लिहिलं तर खोटं होईल. पण तुम्हाला अजिबात ऐकू येत नाही हे आम्हाला एका घरात राहून माहीत नव्हतं, ही चूक तुमच्या एकट्याची नाही. आम्ही कमी येतं, कमी येतं म्हणत नुसते मोठ्याने ओरडत राहिलो.

कूलर काल आला. मिस्तरीने इंजिन चार वेळा धुतलं, चौथ्यांदा पाणी स्वच्छ निघालं. मगनशेठना फोन करून हळदीसकट सगळं सांगितलं. ते म्हणाले, सरकी भरा, दोंडाईचापर्यंत आणा, तापली नाही तर ठेवून घेतो, तापली तर परत न्या. उद्या रविवारी निघायचं ठरलंय. काहीही झालं तरी एक तारखेला मी वरणगावला असेन. तुमच्या शब्दावर जाईन, आईची शपथ मी तिच्याकडून सोडवून घेईन.

एक काम आहे. मिस्तरी म्हणतो, काटा दाखवेपर्यंत ऑइल तापलेलं असतं, आधी कळायला इंजिन ओळखणारा माणूस शेजारी हवा. मला तसा एकच माणूस माहीत आहे. उद्या सकाळची नवीनची बस पकडा. नवीनला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला गॅरेजच्या दारात उतरवेल. गाडी मी चालवेन. तुम्ही शेजारी बसा आणि चप्पल काढून पाय खाली ठेवा. काही वेगळं लागलं तर माझ्या खांद्यावर हात ठेवा, मी थांबेन.

दोंडाईचापर्यंत दीड तासाचा रस्ता आहे. मी हळू नेईन.

लोभ आहेच. रागही थोडा आहे, तोही घरचाच समजावा.

आपला,
किरण