पितळी मुखवटे वगळून

मी, श्रीमती कमलिनी विश्वनाथ पुसदकर, वय शहात्तर, निवृत्त नकलनवीस, राहणार नेहरू नगर, भोपाळ, आज शनिवार, दिनांक ३० ऑगस्ट २०२५ रोजी हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदयाची एक झडप कामातून गेली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडीही लावलेली नाही. लाडीगोडी लावायला या घरात कोणाला फुरसत नाही.

आमचे वकील जितेंद्रबाबू म्हणाले, "अम्माजी, हिंदी में लिखिए, रजिस्ट्री में आसानी होगी." मी म्हटलं, सदतीस वर्षं त्याच रजिस्ट्रीत बसून दुसऱ्यांची मृत्युपत्रं हिंदीत नकलून काढली. माझं मी मराठीत लिहिणार, तर्जुमा तुम्ही करा. माझे वडील छप्पन साली सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले तेव्हा मी सात वर्षांची होते. तेव्हापासून बाजारात हिंदी आणि घरात मराठी, आणि मरण ही घरातली गोष्ट आहे.

कलम १. सन २०११ मध्ये केलेलं माझं मृत्युपत्र रद्द. त्यात मी लिहिलं होतं की माझ्या पलंगाखालच्या ट्रंकेतले महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे भांड्यांच्या दुकानात मोडीत घालावेत. ते वाक्य तर आधी रद्द. कारण पुढे येईल.

कलम २. राहतं घर माझी सून केतकी आणि मुलगा कौस्तुभ यांना समसमान. केतकीचं नाव आधी लिहिलं आहे ते चुकून नव्हे. गच्ची गळायला लागली की वर तीच चढते. कौस्तुभ खाली उभा राहून "नीट बघ गं" म्हणतो. बिचारी दरवर्षी म्हणायची, "आई, एकदा छताचं काम करून घेऊ या." मी दरवर्षी म्हणायचे, "राहू दे, मी आता किती दिवसांची?" किती दिवसांची म्हणता म्हणता यंदा पोपडा माझ्या उशीवर पडला. बँकेत जे असेल त्यातून आधी छत करावं. उरलं तर दोघांनी घ्यावं, भांडू नये.

कलम ३. माझे यजमान कै. विश्वनाथ यांची हत्यारांची पेटी, म्हणजे पाने, पकडी, कानशी आणि तो जपून ठेवलेला व्हर्नियर, शेजारचे विश्वासराव भिसीकर यांना द्यावी. आमचं ड्रिल ते एका दिवसासाठी म्हणून घेऊन गेले, त्याला बावीस वर्षं झाली. परत मागायचा कंटाळा आला, म्हणून आता पेटीच देते.

आमचे हे मंडीदीपला एका कारखान्यात फिटर होते. घरात काही मोडलं की रात्र असो की पहाट, पेटी उघडायचे. मी म्हणायचे, पुन्हा मोडणारच आहे, कशाला जीव काढता? तर म्हणायचे, "मग आंघोळ तरी कशाला करतेस कमल? उद्या पुन्हा घाम येणारच." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे. अठ्ठ्याण्णव साली महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी येताना त्यांना कंपनीच्या बसमध्येच कळ आली. इकडे दोघी महालक्ष्म्या शालू नेसून उभ्या, सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं पानात वाढलेलं, आणि दाराशी निरोप. त्रेपन्न वर्षांचे होते. ते पान कोणी उचललं, मला आठवत नाही.

कलम ४. तांब्याचं घंगाळ माझ्या नणंदबाई लीलावती यांना नागपूरला पोचतं करावं. ते त्यांच्या आईचं आहे असं त्या पन्नास वर्षं म्हणताहेत. न्या एकदाचं.

वन्संचा दुसरा हिशेब घंगाळात मावणारा नाही, म्हणून इथे लिहिते. आमच्याकडे रीत अशी की सणाच्या दिवशी घरात मृत्यू झाला तर तो सण पडतो. त्याच दिवशी घरात मूल जन्मलं किंवा दावणीची गाय व्याली, तरच तो उठतो. आमचा सण पडला. नेहरू नगरच्या रस्त्यावर गायी बक्कळ, पण त्यातली एकही माझ्या दावणीची नाही. मुखवटे ह्यांच्या धोतरात गुंडाळून मी ट्रंकेत घातले.

सहा वर्षांनी, बरोब्बर महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, केतकी बाळंत झाली. मुलगी. शमिका. मी दवाखान्यातूनच वन्संना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मुलीनं सण उठत नाही गं कमल. मुलगा हवा." आमच्या गुरुजींना विचारलं, तर ते म्हणाले, "मूल म्हणजे मूल. शास्त्रात मुलगा-मुलगी असं काही नाही." गुरुजींचं सोडून मी वन्संचं ऐकलं, आणि एकवीस वर्षं त्यांच्या नावाने बोटं मोडत आले.

खरं ते आज लिहिते. वन्संनी उठव म्हटलं असतं तरी मी काहीतरी खुसपट काढलंच असतं. मला सण उठवायचाच नव्हता. पहिल्या दिवशी पावलं काढून आणायच्या, दुसऱ्या दिवशी कंबर मोडेतो रांधायचं आणि तिसऱ्या दिवशी घर पुन्हा रिकामं. ज्या जाणारच त्यांना आणायचं कशाला? हे माझं म्हणणं होतं, आणि ते मी महालक्ष्म्यांपुरतं ठेवलं नाही. छताला तेच, पडद्यांना तेच, डॉक्टरांनी तीनदा सांगितलेल्या ऑपरेशनलाही तेच. शहाणपण म्हणून मिरवलं मी ते. आग लागो त्या शहाणपणाला.

कलम ५. माझी नात शमिका, परवा तिथीने एकवीस पूर्ण होईल. सहा वर्षांची असताना तिने ट्रंकेवर थाप मारून विचारलं होतं, "आजी, यातल्या बायका बाहेर कधी येणार?" मी म्हटलं, "आल्या तरी तीन दिवसांनी जाणार, मग काय उपयोग?" पोरीने ते गाठीला बांधून ठेवलं.

गेल्या डिसेंबरात तिने कॉलेजची परीक्षा दिली नाही. मग खोलीबाहेर येणं बंद केलं, मग केस विंचरणं. डॉक्टरीणबाईंची औषधं चालू आहेत, केतकी दर आठवड्याला घेऊन जाते. आषाढात एकदा केतकी ताट घेऊन तिच्या उशाशी बसली होती. "दोन घास खा ना गं शमू." शमिका भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "खाके क्या होगा मम्मा? खतम ही तो होना है सब. आजी तर रोजच म्हणते." मी दारात उभी होते. छातीत जे झालं ते झडपेचं नव्हतं. केतकीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ताट झाकून ठेवलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

माझ्या घरात माझंच वाक्य, आणि त्याला मी उत्तर देऊ शकत नाही. जगण्यात काही अर्थ आहे का, हे मला शहात्तराव्या वर्षीही ठाऊक नाही. आहे असं म्हणणारे पुष्कळ पाहिले. त्यातले निम्मे रजिस्ट्रीत सख्ख्या भावाविरुद्ध कागद घेऊन येत. इतकंच कळतं की पाहुणा परवा जाणार म्हणून आज कोणी दार लावून घेत नाही. मी सत्तावीस वर्षं लावून घेतलं, आणि आत एक पोर होती.

~~म्हणून दोन्ही पितळी मुखवटे माझ्या पश्चात शमिकाला मिळावेत.~~ हे वाक्य मी स्वतः खोडलं आहे. खोडल्याचं कारण कलम ७ मध्ये.

कलम ६. माझ्या फोटोला प्लास्टिकचा हार घालू नये. त्यावर धूळ बसते आणि ती पुसणार केतकीच. तेराव्याला "सुटल्या बिचाऱ्या" असं जो म्हणेल त्याला दुसऱ्यांदा वाढू नये.

कलम ७. इथपर्यंत सकाळी लिहिलं. दुपारी चार वाजता साक्षीदार म्हणून विश्वासराव नवंकोरं पेन घेऊन आले आणि जितेंद्रबाबू कपाळाला हात लावून म्हणाले, "अम्माजी, इन्हें तो आपने औज़ार दिए हैं!" ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही केली तर त्याला दिलेल्यावर उद्या कोणीही कोर्टात बोट ठेवतं. सदतीस वर्षं मी हे लोकांना खिडकीतून ओरडून सांगितलं, आणि स्वतःच्या वेळी विसरले. एक साक्षीदार जितेंद्रबाबू स्वतः. दुसरा कोण? विश्वासरावांना पेटी, कौस्तुभ-केतकीला घर, शमिकाला मुखवटे. विश्वासराव म्हणाले, "वहिनी, पेटी राहू द्या, मी सही करतो." मी म्हटलं, मग बावीस वर्षं ठेवून घेतलेल्या ड्रिलचं काय सांगणार लोकांना?

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार वाजलं. शमिका उंबऱ्यात उभी. विस्कटलेले केस, बापाचा सदरा. सगळं ऐकत होती तर!

"मला काढ ना त्यातून," ती म्हणाली. "मी करते सही."

"अगं, मग मुखवटे तुला नाही मिळणार."

"मेल्यावर कशाला देतेस, आजी? द्यायचे तर आत्ता दे ना."

आठ महिन्यांत पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

कौस्तुभने ट्रंक ओढली. धोतर सोडलं तर मुखवटे हिरवे पडलेले. शमिका चिंच मागायला स्वयंपाकघरात गेली. स्वतःच्या पायांनी गेली. अर्धा तास घासत बसली होती आणि मग दमून तिथेच भिंतीला टेकली. बरी झाली असं मी लिहिणार नाही. उद्या पुन्हा दार लावून घेईल कदाचित. पण उद्या आवाहन आहे, आणि पावलं तिच्या खोलीपासून काढायची असं तिचं तिनेच ठरवलंय. भाज्या सोळा होणार नाहीत. चार झाल्या तरी पुष्कळ.

सही करण्याआधी तिने माझ्यापुढे दुसरा कागद सरकवला, ऑपरेशनच्या भरतीचा, कौस्तुभने जूनपासून टीव्हीखाली ठेवलेला. "पहले तू." मी सही केली. यावरून माझं मत बदललं असं कोणी समजू नये. संपणार आहेच. पण घासलेलं पितळ हातात घेऊन समोर बसलेल्या पोरीला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सबब, दोन्ही पितळी मुखवटे या मृत्युपत्रातून वगळले आहेत. ते मी जिवंतपणी, हातोहात देऊन टाकले. त्यांवर माझा किंवा माझ्या वारसांचा हक्क राहिलेला नाही.

हे सर्व मी खालील दोघांच्या डोळ्यांदेखत वाचून दाखवलं आणि सही केली. त्यांनी माझ्यादेखत सह्या केल्या.

स्थळ: नेहरू नगर, भोपाळ
दिनांक: ३० ऑगस्ट २०२५, महालक्ष्मी आवाहनाची पूर्वसंध्या

(सही) कमलिनी विश्वनाथ पुसदकर

साक्षीदार १: जितेंद्र श्रीवास्तव, वकील

साक्षीदार २: शमिका कौस्तुभ पुसदकर. अंगठ्याजवळ डाग आहे तो चिंचेचा. हिला या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही.