तिथे तुम्ही एकटेच बसा

बाबा, काल तुमच्या चर्चचे आत्ताचे बिशप माझ्या घरी येऊन गेले आणि मी त्यांना ‘नाही’ म्हणाले. हे तुम्हाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आई गेल्या वर्षी गेली. आता आपल्या दोघांच्या मध्ये पडून ‘जाऊ दे गं’ म्हणणारं कुणी उरलेलं नाही. बरंच झालं. तुम्ही जिवंत असताना मला एकही वाक्य पुरं करू दिलं नाहीत, आज मी सगळी पुरी करणार आहे.

शनिवारी दुपारी आले, जुरोंग ईस्टच्या माझ्या फ्लॅटवर. बरोबर त्यांची बायको आणि पाइनॅपल टार्ट्सचा डबा. इथलेच चिनी गृहस्थ, बँकेत नोकरी करतात आणि ती सांभाळून बिशपचं काम बघतात, तुम्ही शिपयार्ड सांभाळून बघायचात तसंच. माणूस मऊ आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तरी मी आलं ठेचून घातलेला कडक चहा केला आणि दोघांच्या पुढ्यात ठेवला. तुमच्याकडे चहा-कॉफी वर्ज्य, हे मला ठाऊक नाही की काय? चांगलं ठाऊक आहे. मुद्दाम ठेवला. ती बिचारी बाई कपाकडे बघून हसली आणि तिने साधं पाणी मागितलं.

मग त्यांनी विषय काढला. आईला चर्चमध्ये परत घ्यायचं म्हणतात. गेलेल्या माणसाच्या वतीने दुसरं कुणीतरी पाण्यात बाप्तिस्म्याची बुडी घेतं, ती तुमची रीत. तशी आईच्या नावाने कुणीतरी घेणार, मग तुटलेली सगळी बंधनं पूर्ववत होणार, आणि तुमची-तिची लग्नगाठ पुन्हा बांधली जाणार, अनंतकाळासाठी. फक्त सर्वांत जवळच्या माणसाचा होकार लागतो. ‘सिस्टर, तुम्ही एवढं हो म्हणा,’ ते म्हणाले, ‘तुमचे वडील तिकडे वाट बघत असतील.’

वाट बघत असतील! बाबा, खरं सांगते, हे ऐकून मला इतका आनंद झाला की चेहरा सरळ ठेवणं मुश्किल झालं.

तुम्हाला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. तुम्ही जहाजावरची मरिन इंजिनियरची नोकरी सोडून किनाऱ्यावर आलात, ईस्ट कोस्टला आपण घर केलं, आणि त्याच सुमारास अमेरिकेहून आलेल्या त्या चर्चचे दोन गोरे तरुण दारात उभे राहिले. पांढरे शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, घामाने चिंब. आईने त्यांना आधी लिंबू सरबत दिलं आणि मग बसायला सांगितलं. तुम्हाला ते आवडले, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला नियम होता, आणि इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला नियम आवडतो. रत्नागिरीला कळलं तेव्हा तुमच्या भावांनी तुम्हाला वाळीत टाकलं. आजोबा गेले तर त्यांना खांदासुद्धा देऊ दिला नाही. ते सांगताना तुमचा आवाज दरवेळी फाटायचा. मी लहान होते, मी तुमच्या मांडीला चिकटून बसायचे आणि त्या काकांचा मला भयंकर राग यायचा. तो सगळा राग मी तेव्हा फुकट घालवला.

आई तुमच्या मागोमाग आली, बायका येतात तशी. पण ती पुण्याला इतिहासात एम.ए. झालेली बाई. तुम्हाला एवढंही कळू नये, की अशा बाईच्या हातात आपण एक जाडजूड पुस्तक देतोय आणि वर म्हणतोय, वाच? तिने वाचलं. नुसतं ते नाही, त्याच्या आजूबाजूचं सगळं वाचलं. बुधवारी दुपारी चर्चमधल्या चार-पाच बायका आपल्याकडे जमायला लागल्या. मी शाळेतून यायचे तेव्हा डायनिंग टेबलावर पुस्तकं, शंकरपाळ्यांची बशी आणि मोठमोठ्याने वाद. तुमच्या त्या संस्थापकाने आपल्याला झालेल्या देवाच्या पहिल्या दर्शनाची हकिगत एकदा अशी सांगितली, एकदा तशी, असं का? त्याला बायका किती होत्या, आणि हे आपल्याला वर्गात का सांगत नाहीत? आई वर्गातल्यासारखी उभी राहून बोलायची, खांद्यावर पदर, हातात तुम्ही मला दिलेली लाल पेन्सिल. ती पेन्सिल तुम्ही मला धर्मग्रंथातल्या चांगल्या ओळींवर खुणा करायला आणली होती. आई तिने प्रश्नचिन्हं काढायची. इतकी खूष मी तिला नंतर कधीच पाहिली नाही.

कुणीतरी वर कळवलं. तुम्ही तोवर बिशप झाला होतात, म्हणून वरून तुम्हालाच निरोप आला, की घरात असे वर्ग भरवायला परवानगी नाही, अभ्यास करायचा तो रविवारी, नेमून दिलेल्या पुस्तकातून. त्या रात्री जेवताना तुम्ही मलाच सुनावलंत, आईला ऐकू जावं म्हणून. ‘प्रश्न विचारायला कुणाची ना नाही, बाळ. पण उत्तर कुठून यायचं ते ठरलेलं असतं.’ आई वरणाला फोडणी देत होती. ती पाठमोरीच म्हणाली, ‘ठरलेलं असेल तर विचारायचं कशाला?’ मी फस्सकन हसले. तुम्ही पान सारून उठून गेलात.

ती थांबली नाही, म्हणून तिला चर्चच्या सुनावणीचं बोलावणं आलं, आणि बिशप म्हणून निवाडा करायला तुम्हीच. आता नीट ऐका, कारण इथे मी तुम्हाला सोडणार नाही. घरचाच माणूस आहे म्हणून तुम्ही बाजूला होऊ शकत होतात. वरच्या साहेबांनी स्वतः तुम्हाला सुचवलं होतं, की या सुनावणीला दुसऱ्या कुणाला बसवू. तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मी माझ्या खोलीतून ऐकलंय: ‘माझ्या घराला सूट नको.’ केवढा तो ताठा! तुम्हाला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटला असेल, मला अजून कल्पना करवत नाही.

आई एकटीच एमआरटीच्या ट्रेनने परत आली. तुम्ही मागे थांबला होतात, कागदपत्रं पुरी करायला. ती स्वयंपाकघरात आली, चपला पायातच. मी कुकर लावत होते. ‘काय झालं गं?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘काढलं मला.’ आणि मग एकदम हसायला लागली. ‘ते तिघं टेबलाच्या पलीकडे टाय लावून, आणि मी अलीकडे. तुझे बाबा मला सिस्टर म्हणाले. पोरी, माझा नवरा मला सिस्टर म्हणाला!’ हसता हसता ती ओट्याला धरून खाली बसली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या, मी गॅस बंद करायचंसुद्धा विसरले. तासाभराने तुम्ही आलात, हात धुतलेत आणि विचारलंत, ‘आज काय केलंय?’ तिने वाढलं. भात, सोलकढी, बोंबिलाचं कालवण. तुम्ही डोळे मिटून, हाताची घडी घालून प्रार्थना केलीत आणि देवाचे आभार मानलेत, या कुटुंबाबद्दल.

काढलं तरी यायला बंदी नव्हती, हा तर तुमच्या दयाळूपणाचा कळस. ती रविवारी माझ्या शेजारी बसायची. पावाच्या तुकड्यांचं ताट बाकावरून हातोहात पुढे सरकतं, प्रत्येकाने एक घ्यायचा. तिला घ्यायची मनाई. मी घेऊन ताट तिच्याकडे द्यायचे, ती ते क्षणभर धरायची आणि पलीकडच्या बाईकडे सरकवायची. सगळं बाक बघत असायचं. बुधवारी आपल्या शंकरपाळ्या हादडून गेलेल्या त्याच बायका! आणि तुम्ही वर व्यासपीठावर, पहिला तुकडा तुमचा, तोंड हलतंय. एका रविवारी, मी सतरा वर्षांची होते, मीही तुकडा घेतला नाही. तुम्ही वरून माझ्याकडे असे डोळे वटारलेत, की मला आतून थंडगार बरं वाटलं. त्यानंतर मी तिथे पाऊल टाकलं नाही. आई आणखी काही महिने गेली, आणि मग तिनेही रविवारी सकाळी ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठी चालायला जायला सुरुवात केली.

आणि गंमत ऐका. कालचे तुमचे बिशप मला काय म्हणाले ठाऊक आहे? मी विचारलं, माझी आई जे वाचत होती ते खोटं होतं का? ते अवघडले. म्हणाले, ‘नाही, सिस्टर. आता ते सगळं चर्चच छापतं. आम्ही वर्गात घेतो.’ वर्गात घेतो! म्हणजे आईचा गुन्हा एवढाच, की तिने ते जरा लवकर वाचलं. ‘मग तिची माफी कोण मागणार?’ मी म्हटलं. त्यांनी बायकोकडे बघितलं, टार्टच्या डब्याकडे बघितलं. ‘आपण तिला परत घेतोय ना,’ ते हळूच म्हणाले. मी म्हटलं, ‘तिला परत घेणारे तुम्ही कोण? आणि ती आली तरच ना!’

कारण मला आठवतं ना, बाबा. हॉस्पिटलमधले तुमचे शेवटचे दिवस. आई रोज डब्यातून पेज आणायची, चमच्याने भरवायची. तुमची हाडं वर आली होती. एका दुपारी तुम्ही तिचं मनगट धरलंत आणि विचारलंत, ‘तू येशील ना तिकडे?’ तुम्ही स्वतः दार लावून घेतलं होतंत आणि तिलाच विचारत होतात, येशील ना. आईने तोंड पुसलं तुमचं आणि म्हणाली, ‘बघू.’ बाजारात भेंडीचा भाव जास्त असला की म्हणायची ना, तसं. तुमच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती आली ती मी पाहिली आहे. मी खिडकीपाशी उभी होते. पुढे एकदा मी आईला विचारलं, जायचं होतं का गं तुला त्यांच्याबरोबर? ती नखं कापत होती. ‘मला कुठे आमंत्रण आहे?’ एवढंच म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. तो सगळा माझ्याकडे आलाय.

म्हणून मी नाही म्हणाले. ते म्हणाले, विचार करा, घाई नाही. मी पुन्हा नाही म्हणाले, मराठीत, मग इंग्रजीत. मी असेपर्यंत माझ्याशिवाय कुणी हो म्हणू शकत नाही, आणि माझी तब्येत ठणठणीत आहे. मनिलाला तुमच्या चर्चच्या मंदिरात आपण गेलो होतो ना, तुमची-आईची गाठ बांधायला? तिथल्या खोलीत समोरासमोर आरसे होते, त्यांत तुम्ही आणि आई, पुन्हा तुम्ही आणि आई, पार दूरपर्यंत. आता त्यात तुम्ही एकटे दिसा. दूरपर्यंत तुम्हीच. माझ्या घराला सूट नको.

ते गेल्यावर माझी लेक तिच्या खोलीतून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. एक टार्ट उचललं आणि म्हणाली, ‘ममा, व्हाय सो फियर्स? जस्ट से येस लाह. तू तर बिलीव्हच करत नाहीस. मग तुला काय फरक पडतो?’

मी तिला ‘तुला नाही कळायचं’ म्हणून गप्प केलं, अगदी तुमच्यासारखं. ती खांदे उडवून निघून गेली. मग मी कपांतला गार झालेला चहा सिंकमध्ये ओतला आणि तिचं म्हणणं डोक्यातून जाईना. पोरगी बरोबर बोलली. तिकडे काही नसेल तर तुम्ही एकटे नाही, वाट बघत नाही, तुम्हाला काही म्हणजे काहीच होत नाही. माझा नकार नुसता सिंकमध्ये गेला.

हे पत्र मी कुठे टाकणार, कुठेच नाही. पण तेवढं एक सांगून टाकते. त्या सतराव्या वर्षानंतर मी काल पहिल्यांदा तुम्ही शिकवली होती तशी हाताची घडी घातली, सिंकपाशी उभ्या उभ्या, आणि डोळे मिटून म्हणाले, देवा, यांचं सगळं खरं असू दे.