गणित सुटलं, आई

प्रिय आईस,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

माझं गणित आज सुटलं! कुठेही उभं राहिलं तरी सारखाच दिसणारा एक अवकाश होता, म्हणजे गणितातली एक कल्पित जागा. त्यात अंतर मोजायची अशी रीत हवी होती, की सरासरी वक्रता प्रत्येक दिशेला सारखीच भरेल. ती सापडली. सरांनी फळा तपासला, "बरोबर आहे," म्हणाले आणि लेकीला शाळेतून आणायला निघून गेले.

आता सांगू कुणाला? शेवटी जिना पुसणाऱ्या मावशींनाच सांगितलं.

"अगं बाई! घरी कळवलंस का?"

मला एकदम रडूच फुटलं. फडकं टाकून त्यांनी मला पोटाशी धरलं. इथे आल्यापासून मला कुणी जवळ घेतलंच नव्हतं गं.

बाबांना एवढंच सांग, जमलं म्हणून.

तुझीच,
चिमी