काळ्या मुळ्यांची बांधी

मी, जागेश्वर सीताराम डोंगरवार, वय वर्षे एकाहत्तर, राहणार सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा, कनिष्ठ महाविद्यालयातील निवृत्त प्रयोगशाळा परिचर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही आणि डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तेवढ्याने ज्याचे समाधान होत नसेल त्याने येऊन मला लोखंडाच्या संयुजा विचाराव्यात. दोन आणि तीन, झोपेतही सांगेन.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी रुखमिणी हिला मिळावी, तिच्या पश्चात मुलगी दामिनी हिला. माझ्या कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास येई, म्हणून रुखमिणीने तेहतीस वर्षे ते वेगळ्या बादलीत धुतले. तोंड वाकडे केले नाही असे म्हणणार नाही. केले, पण धुतले.

२. कॉलेजच्या लिलावात घेतलेले किपचे काचेचे उपकरण दामिनीला द्यावे, ती शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या गोळ्यात फेरस सल्फाइडचे काळे खडे ठेवायचे, वरून आम्ल सोडायचे, की हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. हे तिला ठाऊक आहे, तरी एक सूचना लिहून ठेवतो. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असे समजू नये. पुष्कळदा वायू तेवढाच असतो, नाक मेलेले असते.

३. कपाटातील पिवळा चकाकता दगड जावई निकेश यांना द्यावा. लग्नाच्या वर्षी त्यांनी तो गुपचूप साकोलीच्या सोनाराकडे नेला होता आणि तितक्याच गुपचूप परत ठेवला. जावईबापू, तो पायराइट आहे, लोखंड आणि गंधक. खडबडीत फरशीवर घासला की रेघ काळी उमटते. मला विचारले असते तर बसभाडे वाचले असते. राग नाही.

४. हे कलम वाटणीचे नाही, कबुलीचे आहे.

तलावाच्या पाळीखाली आमची बांधी, म्हणजे भातखाचर, आहे आणि तिच्या खाली गावातल्याच शकुनबाईची. तलावाचे पाणी आमच्या बांधीतून धुऱ्यातल्या, म्हणजे मधल्या बांधातल्या, वाटेने तिच्या बांधीत उतरे. आमच्या वडिलांच्याही आधीपासूनची ती रीत. सन २००३ च्या खरिपात मी मोठे बंधू भय्याजी यांना सल्ला दिला की ओले शेणखत भरपूर घाला, अमोनियम सल्फेट दुप्पट टाका आणि धुऱ्याची वाट बुजवून पाणी तुंबवा, म्हणजे खत खाली वाहून जाणार नाही. मी परिचर, पण गावात मला ‘केमिस्ट्रीवाले’ म्हणत आणि मला ते गोड लागे.

शकुनबाई येऊन म्हणाली, “भाऊ, पानी कुजून राहिलं. वाट खोला. माह्या धानाले पानी नाही अना तुमचाबी धान जाईल.” आम्ही ऐकले नाही, म्हणून ती पहाटे स्वतःच वाट उघडायची आणि भय्याजी पुन्हा बुजवायचे. महिन्याभरात आमचा धान पिवळा पडला. उपटून पाहिला तर मुळ्या काळ्याकुट्ट आणि घाण वास. भय्याजी म्हणाले, “हे शकुनबाईचंच काम हाये. पहाटे येऊन करनी करते ते.”

मी चार मुळ्या डब्यात घालून प्रयोगशाळेत नेल्या. त्यावर सौम्य आम्ल टाकले आणि लेड अॅसिटेटचा कागद वर धरला. कागद काळा झाला. करणी कसली, लोह सल्फाइड होते ते. तुंबलेल्या पाण्यात हवा शिरत नाही, तिथे सल्फेटचा सल्फाइड होतो. जमिनीतले लोखंड त्याला धरून ठेवते, म्हणून मुळ्या काळ्या पडतात. धरायला लोखंड उरले नाही की विषारी वायू मोकळा होतो आणि मुळी मरते. पाणी काढून हवा लागू दिली असती तर धान वाचला असता. म्हणजे शकुनबाईचे खरे होते आणि चूक माझी होती.

तो कागद मी पाकिटात घालून घरी आणला आणि गप्प बसलो. पुढच्या वर्षी नुसता युरिया टाकला, पाणी नाल्याकडून काढले, पीक चांगले आले. गावाने म्हटले, शकुनबाईची वाट बंद केली, करणी थांबली, म्हणून आले. तेव्हापासून तिला कोणी धान लावायला, रोवणीला, बोलावले नाही, आणि तिची बांधी बावीस वर्षे वरच्या पावसावर राहिली. मला लाज वाटते. हे वाक्य वकिलांनी दोनदा खोडले, मी तिसऱ्यांदा लिहिले आहे.

५. वाटणीत माझ्याकडे आलेल्या त्या बांधीचा अर्धा भाग व पाण्याची वाट माझ्या मृत्यूनंतर शकुनबाईला मिळावी.

पुरवणी. वकिलांना शकुनबाईच्या नवऱ्याचे नाव हवे होते, म्हणून काल तिच्याकडे गेलो. कशाला हवे, असे तिने विचारले, तेव्हा कलम ४ वाचून दाखवावे लागले. तिने सुपातले तांदूळ पाखडून सूप खाली ठेवले. मग म्हणाली, “तुमी मरनार कवा अना माहं पानी येनार कवा? जमीन नोको मले. जिवंत हाव तवाच वाट खोला, अना हे साऱ्या बायांपुढं वाचा.”

आज सकाळी रोवणी चालू असताना मी धुऱ्यावर उभे राहून कलम ४ मोठ्याने वाचले. काळा कागद दाखवला. बंधू म्हणाले, “आपल्याच घराची लाज काढून राहिला तू?” मी हो म्हटले. ते घरी निघून गेले. मी फावड्याने वाट उघडली. आतला चिखल अजून काळाच होता आणि वासही तोच. पाणी खाली उतरले. तेव्हा बायांतल्या एका म्हातारीने हाक मारली, “ये वं शकुन, पात धर.” शकुनबाई चिखलात उतरली आणि रोवणीच्या ओळीत उभी राहिली.

सबब कलम ५ रद्द. पाण्याची वाट आजच दिली आहे आणि जमीन तिने नाकारली आहे. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगत होते. आता शकुनबाईला माझ्याकडून काहीच मिळत नसल्याने पहिली साक्ष तिची घेतली आहे.

लिहून देणार: जागेश्वर सीताराम डोंगरवार (सही)

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर व मी दोघांसमोर खूण केली:
१. शकुनबाई आसाराम लांजेवार, सानगडी (डाव्या हाताचा अंगठा)
२. डोमा लक्ष्मण रंगारी, प्रयोगशाळेतील माझे सहकारी (सही)

स्थळ: सानगडी, तलावाखालचा धुरा. दिनांक: ६ ऑगस्ट २०२५.

टीप: साक्षीदार क्रमांक १ च्या अंगठ्याभोवतीचा काळा डाग बांधीतल्या चिखलाचा आहे. हवा लागून तो काही दिवसांत तांबूस होईल. ती खाडाखोड समजू नये.