बक्षिसाचे तुकडे

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. दाजींची पाठ आता कशी आहे? माझं कुत्र्यांना शिकवायचं केंद्र बरं चाललंय. चपला फाडणारी, पट्टा ओढणारी नवी मंडळी शिकायला आली आहेत.

फोनवर तू लगेच "असू दे रे" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून आमच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र.

बटणला रविवारी गोदामवाल्यांकडे राखणीला देऊ नकोस.

तो मठ्ठ आहे, त्याच्यावर वेळ घालवू नका, असं मीच सांगितलं होतं ना? ताई, माझ्याकडे शिकायला होता तेव्हा उपाशीपोटी तो चटकन शिकायचा. "बस" म्हटलं की बसायचा. दर वेळी मी बक्षीस म्हणून सुक्या मांसाचा तुकडा द्यायचो. थोड्या वेळाने तो गोल गोल फिरायचा, भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. मला वाटलं, पोट भरलं, आता नाटकं करतोय. मग मी आणखी तुकडे द्यायचो, आवाजही चढवायचो.

सोमवारी इथल्या एका कुत्रीचं तसंच झालं. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "खाल्ल्यावरच असं करते का? वाढही खुंटलीय?" काहींना जन्मापासून एक जादा रक्तवाहिनी असते म्हणे. पोटाकडचं रक्त यकृतात गाळलं न जाता आडवाटेने पुढे जातं आणि त्यातलं विष डोक्यात चढतं. मांसाने तर जास्तच. मी नुसती मान डोलावत राहिलो. बटणचं नाव काढलं नाही.

त्याचं रक्त उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर, असं दोनदा तपासून घे. मग सोनोग्राफी. तेच निघालं तर पथ्य आहे, औषधं आहेत, बऱ्याचदा ऑपरेशनही होतं. गोदामात मात्र ते प्रेमाने मटण घालतील आणि तो त्यानेच जाईल.

सोमवारीच एवढं कळूनही मी थेट आज लिहितोय. रविवारी बटण गेला की कुणाला काही कळणार नाही, असं मनात आलं होतं. आलं, आणि मी ते हाकललं नाही. स्वतःची फार लाज वाटते, ताई.

दाजींना मीच सांगेन. पण आधी तुझ्या धाकटीला. ती रडत होती तेव्हा "बिनकामाच्या कुत्र्यासाठी काय रडतेस" असं मी तिला म्हणालो होतो. शनिवारी येतोय. तिने दार उघडलं नाही, तर उघडेपर्यंत बाहेर बसेन.

माफ कर असं लिहवत नाही,
तुझा भाऊ