कोबीचा पाला आणि नऊ दिवस

१४ नोव्हेंबर
मेली! चारही वाफ्यांतली टोमॅटोची रोपं आडवी. सकाळीच वेणूबाईंचा फोन — "पोरी, तुज्याच वाफ्यांत मेली. बाकीची उभी हायेत." कात्रजपलीकडे त्यांच्या रानात पोचले, तर बांधावर बसलेल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन वर्षं त्यांच्या टोमॅटोवर मर रोग येतोय. बुरशी मातीत राहते, मुळातून शिरते, उभं झाड वाळतं. मीच त्यांच्या मागे लागले — मंडईत फेकून देतात तो कोबीचा पाला बारीक कापून मातीत पुरा, कुजताना जो वायू निघतो त्यानं बुरशी मरते. कॉलेजातल्या कुंड्यांत जमलं होतं! माझी पीएचडीच त्यावर आहे. पाल्याची पोतीही मीच मंडईतून भरून नेली.

१५ नोव्हेंबर
इंद्रजीत सर माझे गाइड. फोटो दाखवले. "वा! कोबीनं टोमॅटो मारता येतो. मोठाच शोध लावलात." वीस तारखेला समितीपुढे सादरीकरण.

१६ नोव्हेंबर
मेलेलं खोड उभं चिरलं. मर असती तर आत तपकिरी रेघ दिसते. आत स्वच्छ. मुळं मात्र करपलेली — त्या वायूनंच.

पाला पुरल्यावर तीन आठवडे थांबायचं असतं. कुंड्यांच्या वेळी थांबले होते. वेणूबाईंनी विचारलंही — "एवढ्यात लावू का गं?" मी म्हटलं, लावा. नवव्या दिवशी! समितीला दाखवायला उभी झाडं हवी होती ना मला.

मीच मारली.

१७ नोव्हेंबर
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "शेतकऱ्यानं सूचना पाळल्या नाहीत, एवढं लिहा. त्या बाई काही तुमचा प्रबंध वाचायला येत नाहीत."

लिहिलं. एकच ओळ.

१८ नोव्हेंबर
ओळ अजून आहे.

१९ नोव्हेंबर
राहवेना. कात्रजची बस धरली, पुढे चालत. वेणूबाईंना उभ्याउभ्याच सांगून टाकलं — चूक माझी, दिवस मी कमी केले.

त्या बांधावर बसल्या. मग डोळ्यांना पदर. "मला वाटलं, माजाच हात वाईट. सासू म्हनायची तसं. पाच दिस झाले, एका रोपाला शिवले न्हाई मी."

परतताना बसमध्ये तोंड खिडकीकडे करून रडले.

२० नोव्हेंबर
ओळ काढली. समितीपुढे मोठ्यानं वाचलं — "रोपं माझ्या घाईमुळे मेली." नंतर जिन्यात सर — "आता प्रामाणिकपणाची पीएचडी देणारं विद्यापीठ शोधा."

२४ नोव्हेंबर
पत्र आलं. सरांनी गाइड म्हणून नाव काढून घेतलं. तीन वर्षं! आईनं गल्लीभर सांगून ठेवलंय — आमची दीपमाला डॉक्टर होणार. तिला कोणत्या तोंडानं फोन करू? सदाशिव पेठेतली ही खोली सोडायची का? काही सुचत नाही. काही म्हणजे काही नाही.

२५ नोव्हेंबर
सकाळी मंडईत गेले. का, माहीत नाही. कोबीच्या गाळ्यामागे वेणूबाई! एकट्या. पोत्यात पाला दाबत होत्या. सहा पोती भरून झालेली.

"तू येशील न येशील, म्हनून मीच आले," म्हणाल्या. "या खेपेला तीन आठवडे थांबू. धर, तोंड धर पोत्याचं."