गाय आहे हो, असं मी म्हणालो होतो

प्रिय याकूबभाई,

तुम्ही जाऊन दोन महिने झाले आणि पत्र आज लिहितोय. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. खिडकीतून हाक मारली की काम व्हायचं. पण मला जे सांगायचंय ते हाक मारून सांगण्यासारखं नाही. समोर होतात तेव्हाही ते सांगितलं नाही, आणि लाज त्याचीच आहे.

आज का लिहितोय? कारण काल संध्याकाळी आमच्या दारात एक बाई उभ्या होत्या आणि त्यांनी मला तोच प्रश्न विचारला, जो तुम्ही गेल्या एप्रिलमध्ये विचारला होता. "चावत नाही ना हो?"

तुम्ही आमच्याकडे राहिलेलं तुमचं कुरियर न्यायला आला होतात. आठवतं? बाल्कनीत बघितलंत आणि म्हणालात, "पंडित, हा काय उंदीर वाळत घातलायस?"

उंदीर नव्हता, फेरेट होतं. मुंगसासारखं लांब, मांजरासारखं झोपाळू, आणि दातांच्या बाबतीत कोणासारखंच नाही. आमच्या ऑफिसातला एकजण नोकरी सुटल्यावर आठवड्यात हा आखाती देश सोडून गेला, तेव्हा तो पिंजरा माझ्या गाडीत ठेवून गेला होता. रेवाने तिचं नाव नूडल ठेवलं. मी 'चपला' सुचवलं होतं, तर चौदा वर्षांची माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स अ शू." संस्कृत पाठशाळेत घालवलेल्या सात वर्षांचा एवढाच मान या घरात राहिला आहे.

सासूबाई पुण्याहून आल्या आणि पिंजरा बाल्कनीत गेला. देवघराशेजारी तो वास चालणार नव्हता. तेव्हा थंडी होती. मग थंडी गेली, सासूबाई राहिल्या आणि पिंजराही तिथेच राहिला. त्यावर मी ओला पंचा टाकत होतो आणि फार भूतदया करतोय असं समजत होतो.

तुम्ही पंचा वर करून बघितलंत. ती कोपऱ्यात फुसफुसली. तुम्ही विचारलंत, "चावते काय रे?"

"छे हो!" मी म्हणालो. "अगदी गाय आहे. रेवाला अॅलर्जी झाली म्हणून द्यायचीय, नाहीतर कोण देईल?"

याकूबभाई, रेवाला कसलीही अॅलर्जी नव्हती, आणि तुमच्याशी बोलताना माझा उजवा हात पूर्ण वेळ खिशात होता. त्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. गाय आदल्याच दिवशी चावली होती.

तुम्ही लगेच म्हणालात, "दे मग. एकटाच तर आहे मी." आणि पिंजरा उचललात. लिफ्टपर्यंत मी दार धरायला आलो. डाव्या हाताने!

आता पुरणपोळीचं सांगतो. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

चार दिवसांनी शुक्रवारी तुम्हाला जेवायला बोलावलं होतं. तुमच्या उजव्या अंगठ्याला हे भलं मोठं बँडेज. म्हणालात, "कार्टन उघडताना कटर लागला." इथल्या जबल अली बंदरावरच्या गोदामात पंचवीस वर्षं कार्टन उघडणारा माणूस! आणि मग तुम्ही चमचा मागितलात आणि पुरणपोळी चमच्याने तोडून खायला लागलात. मी काय म्हणालो? "वा याकूबभाई, साहेब झालात! उद्या आमटीला काटा मागाल." सगळे हसले. तुम्हीही हसलात.

बँडेजच्या वरच्या बाजूला, नखाजवळ, दोन लहान गोल भोकं दिसत होती. कटर अशी खूण करत नाही हे मला कळत होतं. मी तुम्हाला आणखी तूप वाढलं.

तुम्ही आयुष्यात एकदाही म्हणाला नाहीत, "पंडित, तू खोटं बोललास." का नाही म्हणालात हो? एकदा तरी खडसवायचं होतंत! मी कोडगेपणाने का होईना, कबूल केलं असतं. तुम्ही फक्त एकदा, जिन्यात भेटल्यावर, सहज विचारलंत, "हिला खायला काय घालत होतास रे?"

"पनीर. दहीभात. कधी खजूर."

तुम्ही एवढे हसलात की खोकला लागला. "अरे, हिची मुंज केलीस काय?" मग डोळे पुसलेत आणि हळू आवाजात म्हणालात, "उपाशी होती रे ती. मांस खाणारं जनावर ते. पोटात आग आणि वर हे ऊन. कोण नाही चावणार?"

आमच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. ते पाळताना एक जीव त्या नियमाखाली उपाशी ठेवतोय, हे मला सुचलं नव्हतं. मी तिला स्वभावाने दुष्ट ठरवून मोकळा झालो होतो. व्युत्पत्ती शोधायची सवय असलेल्या माणसाने एवढं साधं कारण शोधू नये?

तुम्ही तिचं नाव बदललंत. "नूडल ही खायची वस्तू. नूरी म्हणेन मी." आणि सहा महिन्यांत ती नूरी झाली. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलात की अर्ध्या तासात तुम्ही खाली हिरवळीवर, आणि तुमच्या सदऱ्याच्या बाहीतून तिचं तोंड बाहेर. पोरं गोळा व्हायची. ती उड्या मारायची, आडवी तिडवी, पाठ कमानीसारखी करून, कुकुकु असा आवाज काढत. तुम्ही म्हणायचात, "हसतेय बघ."

आणि एकदा मी, निर्लज्ज, सगळ्यांसमोर म्हणालो, "मी सांगितलं होतं ना, गाय आहे म्हणून!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "हो रे पंडित. गायच."

ते 'गायच' मला अजून ऐकू येतं.

कसं केलंत हे मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "काही नाही. चावली तरी हात मागे घ्यायचा नाही. चावलं की हात पळतो, हे तिला शिकवायचं नाही. आणि जवळ बसून बोलायचं. काहीही बोल. आवाज ओळखीचा झाला पाहिजे." मी मान डोलावली. मला ते कधी करावं लागेल असं वाटलं नव्हतं.

जानेवारीत तुम्ही गोदामात, जेवणानंतर, खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. ऑफिसातून फोन आला तेव्हा मी एक इन्व्हॉइस तपासत होतो, आणि तुम्ही गेलात हे ऐकूनही ती ओळ पूर्ण वाचली. माणूस असं का करतो कोण जाणे. कबरस्तानात मी फाटकाजवळच उभा राहिलो. पुढे यावं की नाही, कळेना. तुमचे मेहुणे सलीमभाई मला हाताला धरून पुढे घेऊन गेले. मीही तीन मुठी माती टाकली.

दोन दिवसांनी सलीमभाई खोली रिकामी करत होते. मी आणि रेवा मदतीला गेलो, तर त्यांच्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला आणि नूरी एका खोक्यात, समोर भाताची ताटली. दोन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं. पुन्हा भात! मला वाटलं ती ताटली मुद्दाम माझ्यासाठीच ठेवली आहे.

"भाऊ," सलीमभाई म्हणाले, "हे जनावर तुमचंच होतं ना? मी शारजाला नाही नेऊ शकत. घरात लहान पोरं आहेत. आज कुठेतरी सोडतो, खलास."

मी म्हणालो, "नाही, म्हणजे, मुळात ते आमच्या ऑफिसातल्या एकाचं होतं..."

याकूबभाई, तुमची कबर अजून ओली होती, आणि मी मालकीचा इतिहास सांगत होतो.

रेवा खोक्याजवळ बसली होती. वर न बघता म्हणाली, "बाबा, शी इज अवर्स."

मग सलीमभाईंनी ते सांगितलं. "याकूबला पहिल्या दिवशी कसली चावली होती! अंगठा एवढा सुजला. फोनवर दाखवला मला. दवाखान्यात जाऊन सुई घेतली. मी म्हटलं, देऊन टाक परत त्या पंडिताला. तर म्हणाला, नको, त्याला वाईट वाटेल. चांगला माणूस आहे, फक्त घाबरट आहे."

हे ऐकून रेवाने वर बघितलं. माझ्या मुलीने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

मी सलीमभाईंकडे तुमची एक न धुतलेली लुंगी मागितली. त्यांनी माझ्याकडे जरा चमकूनच बघितलं, पण दिली. ती चौकड्यांची लुंगी आता पिंजऱ्यात आहे. नूरी तिच्यात गुंडाळून झोपते, फक्त नाक बाहेर. त्यावर मी माझा एक बनियन टाकलाय. पहिले आठ दिवस ती तो रोज ओढून बाहेर फेकत होती. मी रोज परत आत ठेवत होतो.

मेधाने, म्हणजे तुमच्या वहिनीने, दोन अटी घातल्या. मांस स्वयंपाकघरात नाही आणि सुरी वेगळी. म्हणून मी, एकेकाळी त्रिकाळ संध्या केलेला, वॉशिंग मशीनवर पाट ठेवून कोंबडीची काळजं चिरतो. सुपरमार्केटातला मल्याळी खाटीक आता मला ओळखतो. "सर, आज भी सिर्फ दिल?" मी "हां भाई, सिर्फ दिल" म्हणतो आणि आजूबाजूला कोणी पुण्याचं नाही ना, ते बघतो. तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात!

आणि बोलायचं म्हणाला होतात ना? काय बोलू मी तिच्याशी? ऑफिसचं बोललो तर मलाच झोप येते. शेवटी देव शब्द चालवायला घेतला. देवः देवौ देवाः. पिंजऱ्याशेजारी मांडी घालून, सगळ्या विभक्त्या. ती षष्ठीपर्यंत फुसफुसते आणि सप्तमीला जांभई देते. पाठशाळेत माझंही असंच व्हायचं.

पण चावते. चावते हो! पहिल्या दिवशी मी हात असा मागे खेचला की कोपर दारावर आपटलं. दुसऱ्या दिवशीही. तिच्या डोळ्यांत मला राग दिसायचा, गेल्या वर्षीही तोच दिसायचा. मग एकदा तुमचं ऐकून हात तसाच ठेवला. दात रुतलेले, आणि मी विभक्त्या म्हणतोय, आवाज थरथरतोय. तेव्हा जवळून बघितलं. ती थरथरत होती. दोघंही थरथरत होतो. राग कुठेच नव्हता.

आता कालचं.

मेधाचा तरी काय दोष? उन्हाळ्यात सासूबाई परत यायच्या आहेत. तिने इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, चांगल्या घरी द्यायची आहे म्हणून. मजकूर मीच सांगितला होता. त्यात 'फ्रेंडली' हा शब्द होता. हो, पुन्हा! एवढं सगळं झाल्यावरही!

तर काल नागपूरच्या एक बाई आल्या, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन. लाघवी पोर, सरळ पिंजऱ्याकडे गेली. बाईंनी विचारलं, "चावत नाही ना हो?"

मेधा माझ्याकडे बघत होती. रेवा तिच्या खोलीच्या दारात. आणि माझा हात, याकूबभाई, खिशात होता. कधी गेला ते मला कळलंही नाही.

मी तो बाहेर काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "चावते," म्हणालो. "हे बघा. आणि हे परवाचं. तिला आम्ही उपाशी ठेवलं, उन्हात ठेवलं, आणि मग तिला नीट करणारा माणूस गेला. तुमच्या मुलीला पिंजऱ्यापासून लांब घ्या."

बाईंनी पोरीला उचललं. चहा ठेवलेला होता, तो न घेताच गेल्या.

मग मेधा म्हणाली, "आता?"

"आता इथेच."

"आणि आई आली की?"

"आपल्या बेडरूममध्ये. एसीखाली. आईंना मी सांगेन."

तिने ग्रुपवरचा मजकूर काढून टाकला. चहा माझ्या पुढ्यात ठेवत म्हणाली, "सुरी वेगळीच ठेवतोयस ना?" ती एवढंच बोलली. तुम्ही म्हणायचात तसं, वहिनी कमी बोलतात, पण माप चुकत नाही.

नंतर मी पिंजरा उघडून हात आत ठेवला. नूरी लुंगीतून बाहेर आली. माझा अंगठा तोंडात धरला. मी विभक्ती विसरलो. तिने दात टेकवले, पण दाबले नाहीत. थोडा वेळ तशीच थांबली, मग सोडून दिला आणि परत झोपायला गेली. जाताना माझा बनियन लुंगीखाली ओढून घेऊन गेली.

ती गाय झाली असं मी म्हणणार नाही. उद्या पुन्हा चावेल. रेवाने आज पहिल्यांदा तिच्यासाठी वाटी धुतली आणि मला विचारलं, "डिड चाचा नो यू लाइड?" मी म्हणालो, हो, त्यांना माहीत होतं. ती म्हणाली, "अँड ही स्टिल केम फॉर लंच?"

याकूबभाई, मी काही फार शूर माणूस नाही. ते तुम्ही आधीच सांगून ठेवलंय. पण एवढं वचन देतो. नूरी आहे तोवर माझ्या घरात राहील, पोटभर खाईल आणि गारव्यात झोपेल. कोणी विचारलं की खरं सांगेन, ती कशी होती तेही आणि मी काय केलं तेही. आणि ती चावली तर हात तिथेच ठेवेन.

अंगठ्याला परवाची दोन भोकं आहेत. तुमच्या होती तिथेच, नखाजवळ. शुक्रवारी मेधा पुरणपोळ्या करणार आहे. मी चमचा मागेन, आणि का मागतोय ते सगळ्यांना सांगेन.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा घाबरट,
पंडित